खेळाआधीचा निवाडा

एखादी गोष्ट अनुभवण्याआधी तिच्या बाह्यरूपावरून तिच्याविषयी मत बनवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न नीतीच्या उपदेशात जितका सरळ वाटतो तितका तो ज्ञानमीमांसेत, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे आणि ते कशाच्या आधारे खरे मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्रात, सरळ राहत नाही. पटावरच्या बैठ्या खेळांचे, ज्यांना आज सर्रास बोर्ड गेम म्हटले जाते, उदाहरण घेतले तर या प्रश्नाची बहुतेक अंगे एकाच ठिकाणी तपासता येतात. पुस्तक दुकानात उभ्या उभ्या चाळता येते, कापड हाताला लावून पाहता येते, पण पारदर्शक वेष्टणात बंद केलेला खेळाचा खोका विकत घेईपर्यंत बहुधा उघडता येत नाही. आणि उघडला तरी आतला पट, सोंगट्या आणि फासे पाहून खेळ कळत नाही, कारण त्या वस्तूंच्या साहाय्याने काही माणसांनी काही काळ नियम पाळून केलेली क्रिया म्हणजे खेळ. खोका समोर आहे आणि ज्या क्रियेविषयी मत द्यायचे ती अजून घडलेलीच नाही, तरीही घेणारा ‘हा चांगला दिसतो’ किंवा ‘हा आपल्या कामाचा नाही’ असा निवाडा क्षणात देऊन मोकळा होतो. या निवाड्याचा दर्जा काय आणि त्याला किती वजन द्यावे, हा येथे विचाराचा विषय आहे.

या बाबतीत मराठीतल्या दोन म्हणी एकमेकींच्या विरुद्ध सल्ला देतात. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण बाह्यरूपावर विसंबू नये असे बजावते, तर ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण थोडक्या खुणेवरून सगळ्याचा अंदाज बांधण्यात शहाणपण पाहते. दोन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण खोक्याला त्यांपैकी एकही नेमकी लागू पडत नाही. शीत हा भाताचाच अंश असतो, म्हणून एक शिजले तर बाकीची शिजली असे म्हणण्याला आधार असतो. खोका मात्र खेळाचा अंश नसतो. उलटपक्षी तो निव्वळ मुखवटाही नसतो, कारण ज्यांनी खेळ बाजारात आणला त्यांनीच, त्या खेळाविषयी काही सांगावे या हेतूने, तो तयार केलेला असतो. अशा मधल्या वस्तूपासून मिळणारे ज्ञान कोणत्या जातीचे, हे ठरवण्यासाठी भारतीय दर्शनांतला प्रमाणविचार उपयोगी पडतो. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. न्यायदर्शन अशी चार साधने मानते: इंद्रियांनी होणारे प्रत्यक्ष, खुणेवरून होणारे अनुमान, सादृश्यावरून होणारे उपमान आणि विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावरून होणारे शब्दज्ञान. यांपैकी प्रत्यक्ष फक्त खोक्याचे होते; खेळाविषयीचे मत मुख्यतः अनुमान आणि शब्द या दोन वाटांनी येते, आणि या दोन वाटांचे दोष निरनिराळे आहेत.

‘कार्कासोन’ हा खेळ यासाठी जवळून पाहण्याजोगा आहे. क्लाउस-युर्गन व्रेडे यांनी रचलेला हा खेळ म्युनिकच्या ‘हान्स इम ग्लुक’ या प्रकाशनसंस्थेने २००० साली काढला आणि २००१ साली त्याला ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. त्याला नाव दक्षिण फ्रान्समधल्या एका तटबंदीच्या शहराचे आहे आणि खोक्यावर बुरुजांचे, तटाचे मध्ययुगीन नगर रंगवलेले आहे. हे चित्र पाहणाऱ्याच्या मनात वेढा, चढाई आणि लढाई यांची कल्पना यावी हे साहजिक आहे. आत मात्र जाड पुठ्ठ्याचे ७२ चौकोनी तुकडे आणि माणसाच्या आकाराच्या लहान लाकडी सोंगट्या निघतात. खेळाडू आपल्या पाळीला एक तुकडा उचलतो, आधी मांडलेल्या तुकड्यांशी रस्त्याला रस्ता, तटाला तट आणि कुरणाला कुरण जुळेल अशा ठिकाणी तो लावतो, आणि हवे असल्यास त्यावर आपली एक सोंगटी ठेवतो. रस्त्यावर ठेवलेली सोंगटी वाटमाऱ्या, नगरातली सरदार, मठातली संन्यासी आणि कुरणात आडवी ठेवलेली शेतकरी ठरते. येथे कोणी कोणाची सोंगटी मारत नाही. चुरस असते ती अर्धवट राहिलेले नगर कोण पुरे करतो आणि त्याचे गुण कोणाच्या पदरात पडतात याची. लढाईच्या अपेक्षेने खोका घेणारा फसला असे म्हणावे, तर खोक्यावरचे नगर खोटेही नाही, कारण डाव संपतो तेव्हा टेबलावर तटबंदीची नगरे खरोखरच उभी राहिलेली असतात. चित्र खरे होते. चित्रावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला.

हा निष्कर्ष नेमका कोठे चुकतो, हे न्यायसूत्रांतल्या अनुमानाच्या प्रकारांवरून स्पष्ट होते. ‘पूर्ववत्’ अनुमान कारणावरून कार्याकडे जाते. दाटून आलेले ढग पाहून पाऊस पडेल असे म्हणणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. ‘शेषवत्’ अनुमान उलट दिशेने, कार्यावरून कारणाकडे जाते. नदीला पूर आलेला पाहून वर कोठेतरी पाऊस झाला असे म्हणणे हे त्याचे उदाहरण. खोक्यावरून खेळाचा अंदाज बांधणारा या दोन्ही पायऱ्या एका दमात चढतो. आधी तो खोका या कार्यावरून त्याच्या कारणाकडे, म्हणजे तो तयार करणाऱ्यांच्या काळजीकडे, खर्चाकडे आणि हेतूकडे जातो, आणि मग त्या कारणावरून अजून न घडलेल्या कार्याकडे, म्हणजे आपल्या घरी बसणाऱ्या डावाकडे येतो. पहिली पायरी बऱ्याच वेळा टिकते: रेखीव चित्र, नीट छपाई आणि मजबूत पुठ्ठा यांवरून प्रकाशकाने मन लावून काम केले असे म्हणता येते. दुसरी पायरी डळमळीत असते, कारण चित्राची काळजी घेणारा आणि नियमांची काळजी घेणारा हे बहुधा वेगळे असतात, आणि सुबक खोक्यात कंटाळवाणा खेळ असल्याचीही उदाहरणे असतात. ज्या ठिकाणी सिद्ध करावयाची गोष्ट नाही तेथेही हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, आढळत असेल तर अशा हेतूला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, ‘सव्यभिचार’ म्हणतात. खोक्याचा सुबकपणा हा उत्तम खेळाच्या बाबतीत असाच सव्यभिचार हेतू आहे.

येथे एक आक्षेप येतो. खुणा इतक्या बेभरवशाच्या असतील तर अनुमानालाच प्रमाण का मानावे? हा आक्षेप न्यायसूत्रांनी स्वतःच उपस्थित केला आहे. पूर पावसाशिवाय, प्रवाह अडल्यामुळेही येऊ शकतो, म्हणून पुरावरून पावसाचे अनुमान चुकते, असे पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो. त्यावर उत्तर असे दिले जाते की अडलेल्या पाण्याचा फुगवटा आणि पावसाने आलेला पूर सारखे दिसत नाहीत. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्याबरोबर फळे, पाने आणि लाकडे वाहत येतात. ज्याने हा फरक पाहिला नाही त्याची चूक अनुमान या साधनाच्या माथी मारता येत नाही. या उत्तराचा उपयोग खोक्याच्या बाबतीतही होतो, कारण खोक्यावरही ठसठशीत चित्राव्यतिरिक्त बारीक खुणा असतात: मागच्या बाजूला मांडलेल्या पटाचे छायाचित्र, आतल्या सामानाची यादी, पाळी कशी चालते याच्या दोन ओळी. चित्र पाहून थांबणारा आणि खोका उलटा करून वाचणारा हे दोघेही बाह्यरूपावरूनच मत बनवतात, पण त्यांच्या मतांची किंमत सारखी नसते. तेव्हा बाह्यरूपाकडे पाहूच नये हा सल्ला टिकत नाही. पाहणे अपुरे राहते, ही खरी अडचण आहे.

दुसरी वाट शब्दाची. शब्द हे प्रमाण ठरते ते ‘आप्ता’च्या मुखातून आल्यामुळे. न्यायभाष्यकार वात्स्यायनाच्या मते आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला कळवावी अशी ज्याची इच्छा आहे असा सांगणारा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असेही तो म्हणतो, म्हणजे आप्तपणा कुळावर किंवा प्रतिष्ठेवर अवलंबून ठेवत नाही. या कसोटीवर खोका तपासला तर त्यावर एकच वक्ता बोलत नाही हे लक्षात येते. दर्शनी चित्र आणि स्तुतीची वाक्ये विकणाऱ्याची असतात. त्याला खेळ ठाऊक असतो, पण जसा आहे तसाच सांगावा ही त्याची इच्छा विक्रीच्या इच्छेत मिसळलेली असते. खेळाडूंची संख्या, लागणारा वेळ आणि वय सांगणारे आकडेही त्याचेच असतात, तरी ते अधिक भरवशाचे ठरतात, कारण ते पहिल्याच डावात उघडे पडू शकतात आणि खोटे आकडे छापणाऱ्याची पत जाते. लहान सुट्या भागांविषयीची सूचना तर सुरक्षिततेच्या नियमांमुळे छापलेली असते, म्हणून तिच्यामागे विकणाऱ्याच्या मर्जीखेरीज दुसरा अंकुशही असतो. एकाच पुठ्ठ्यावर असे तीन-चार दर्जांचे शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात आणि घाईने पाहणारा त्या सर्वांना एकच भाव देतो.

खोक्यावर आप्ताचे नाव यावे यासाठी खेळ रचणाऱ्यांनी एकदा आग्रहही धरलेला आहे. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या प्रदर्शनाच्या वेळी काही जर्मन खेळकर्त्यांनी बिअरच्या पेल्याखाली ठेवण्याच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या करून असे जाहीर केले की ज्या प्रकाशकाला खोक्याच्या दर्शनी बाजूवर कर्त्याचे नाव छापायचे नसेल त्याला आपण खेळ देणार नाही. त्यानंतर जर्मन बाजारात कर्त्याचे नाव दर्शनी छापण्याची रीत रुजली. वरकरणी हा श्रेयाचा वाद होता, पण ज्ञानाच्या दृष्टीने त्यात अधिक काही घडले: आजवर निनावी असलेल्या शब्दाला वक्ता मिळाला, आणि त्या वक्त्याचा आधीचा खेळ खेळलेल्याला नव्या खोक्याविषयी आधार मिळाला. ‘श्पील देस यारेस’ची खूणही याच जातीची आहे. १९७९ पासून दिला जाणारा हा पुरस्कार खेळांची समीक्षा करणाऱ्यांचे मंडळ ठरवते आणि जिंकलेल्या खेळाच्या खोक्यावर पुरस्काराची सोंगटीच्या आकाराची खूण छापली जाते. म्हणजे खोक्यावर अशा कोणाचा तरी शब्द येतो ज्याने तो खेळ खेळून पाहिला आहे आणि ज्याला तो खोका विकायचा नाही. अर्थात ही खूण छापण्याबद्दल प्रकाशक जे शुल्क देतात त्यावर ती संस्था चालते, तेव्हा येथेही आप्तपणाची परीक्षा पूर्ण संपत नाही; मात्र निवड आधी होते आणि शुल्क नंतर येते, म्हणून तो शब्द चित्राच्या शब्दापेक्षा वजनदार राहतो.

अनुमान आणि शब्द यांतून मत तयार झाले. ते खरे आहे हे कशावरून कळावे? या ठिकाणी भारतीय दर्शनांत एक जुना आणि खोल वाद आहे, ज्याला प्रामाण्यवाद म्हणतात. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाच्या मीमांसादर्शनाप्रमाणे प्रत्येक ज्ञान ‘स्वतः प्रमाण’ असते, म्हणजे त्याला बाधक ठरणारे दुसरे ज्ञान होईपर्यंत किंवा त्याच्या कारणात दोष सापडेपर्यंत ते खरेच मानावयाचे. नैयायिक याच्या उलट ‘परतः प्रामाण्य’ मानतात: ज्ञान खरे की खोटे हे त्या ज्ञानाबाहेरच्या गोष्टीवरून, मुख्यतः ‘प्रवृत्तिसामर्थ्या’वरून, म्हणजे त्या ज्ञानाला अनुसरून केलेली कृती सफल झाली की नाही यावरून ठरते. तहानलेल्याला पाणी दिसते, तो तेथे जातो, पितो आणि तहान भागते. तेव्हा आधीचे ज्ञान खरे होते हे सिद्ध होते, आणि मृगजळ असेल तर नेमके याच्या उलट सिद्ध होते. खोक्यावरून बनलेल्या मताला न्यायाचा हा मार्ग सहज लागू पडतो: खोका घ्यावा, खेळावे आणि मग काय ते म्हणावे.

बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांत आणखी एक सूक्ष्म भेद करतो. एक माणूस रत्नाच्या प्रभेलाच रत्न समजून धावतो आणि दुसरा दिव्याच्या प्रभेला रत्न समजून धावतो. दोघांचेही ज्ञान चुकीचे आहे, कारण प्रभा म्हणजे रत्न नव्हे. तरी पहिल्याच्या हाती रत्न लागते आणि दुसऱ्याच्या हाती लागत नाही. कार्कासोनच्या खोक्यावरचे नगर पाहून वेढ्याची कल्पना करणारा पहिल्या माणसासारखा आहे: त्याची समजूत चुकली, पण ज्या तटबंदीने त्याला ओढले ती खेळात आहे आणि तिच्यापाशी तो पोहोचतो. याउलट एखाद्या लोकप्रिय चित्रपटाची पात्रे छापलेल्या मोनोपॉलीच्या आवृत्तीकडे ओढला जाणारा दुसऱ्यासारखा ठरण्याचा धोका अधिक, कारण अशा आवृत्त्यांत घरांची नावे आणि चित्रे बदलतात आणि खेळाची मूळ चाल बहुधा तशीच राहते. म्हणजे खोक्यावरचे चित्र आतल्या खेळाशी हुबेहूब जुळते का, यापेक्षा ते त्या खेळातूनच उगवले आहे का, हा अधिक योग्य प्रश्न ठरतो.

खेळून पाहणे ही अखेरची कसोटी मानली तरी तिलाही मर्यादा आहे, आणि मोनोपॉलीच्याच इतिहासात ती दिसते. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांनी ‘लँडलॉर्ड्स गेम’ या नावाचा खेळ रचला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले. जमिनीच्या भाड्यातून मालक काही न करता श्रीमंत होतो आणि बाकीचे कंगाल होतात, हा अर्थशास्त्रज्ञ हेन्री जॉर्ज यांचा विचार लोकांना प्रत्यक्ष कळावा हा त्यांचा उद्देश होता, आणि पुढे त्यांनी संपत्तीची वाढ सर्वांना लाभावी अशी एक नियमावली व एकाने सर्व बळकवावे अशी दुसरी नियमावली दिली. त्यातली दुसरी चाल लोकांत फिरत फिरत मोनोपॉली झाली. पार्कर ब्रदर्सने १९३५ साली ती बाजारात आणली आणि पुढे कित्येक वर्षे तिचे श्रेय चार्ल्स डॅरो यांना मिळत राहिले. त्याच धाटणीचा ‘व्यापार’ हा खेळ खेळत महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. या खेळात दुसऱ्याला दिवाळखोर करण्याचा आनंद शेकडो डाव खेळून मिळाला, तरी हा खेळ मुळात त्या आनंदावर टीका म्हणून जन्मला हे एकाही डावातून कळणे शक्य नव्हते. ते सांगू शकला असता तो खोकाच, त्यावर कर्तीचे नाव आणि हेतू छापला असता तर. म्हणून अनुभव हे सर्व बाबतींत बाह्य शब्दापेक्षा श्रेष्ठ प्रमाण आहे असे सरसकट म्हणता येत नाही. खेळाची गोडी अनुभवाने कळते, त्याचा हेतू पुष्कळदा शब्दानेच कळतो.

मग खेळाआधी मत बनवणे दोषाचे कोठे होते? ज्यात काहीच झाकलेले नाही अशा खेळाकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचा धार्मिक पदर उलगडतो. सापशिडीचे मूळ ज्यात पाहिले जाते तो मोक्षपट किंवा ज्ञानचौपड कापडावर वा कागदावर रंगवला जाई आणि खोक्याविना उघडाच पसरला जाई. महाराष्ट्रातली लोकपरंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांना देते. आज जे जुने पट उपलब्ध आहेत ते मात्र त्यांच्या काळानंतर फार पुढचे आहेत. वैष्णवांचे ७२ घरांचे आणि जैनांचे ८४ घरांचे पट प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या प्रत्येक घरात एखाद्या गुणाचे, दोषाचे, लोकाचे किंवा अवस्थेचे नाव लिहिलेले असते. दोषाच्या घरी सापाचे तोंड असते आणि तो सोंगटीला खाली नेतो, गुणाच्या घरातून शिडी वर जाते, आणि सगळ्यात वरच्या भागात मुक्तीचे किंवा विष्णुलोकाचे स्थान असते. येथे सिद्धान्त पटावरच पूर्ण मांडलेला आहे; अहंकाराने अधोगती होते आणि भक्तीने उन्नती होते हे वाचता येणाऱ्या कोणालाही एकदा नजर टाकून कळते. तरीही पट पाहणे आणि डाव खेळणे यांत अंतर उरतेच. वेदान्तात ‘परोक्ष’ आणि ‘अपरोक्ष’ असा जो भेद केला जातो तो येथे लागू पडतो: परोक्षज्ञान म्हणजे ती गोष्ट अशी अशी आहे हे सांगण्यावरून कळणे, आणि अपरोक्षज्ञान म्हणजे ती आपल्या ठायी साक्षात उमगणे. वरच्या ओळीत पोहोचलेल्या सोंगटीला दान पडून मत्सराच्या घरी जावे लागते आणि ती एकदम तळाशी येते, तेव्हा खेळणाऱ्याला कळते ते पटावर आधीही लिहिलेले होतेच. फक्त आता ते त्याच्या वाट्याला आलेले असते. यावरून एवढे निश्चित होते की बाह्यरूप आणि अनुभव यांतली दरी केवळ खोक्याच्या लपवाछपवीमुळे पडत नाही. सर्व उघडे असतानाही ती राहते, म्हणून खोका अधिक प्रामाणिक केला तरी खेळाआधीचे मत परोक्षच राहणार.

परोक्ष मत वाईट असते असे मात्र नाही. नवव्या शतकातला काश्मिरी नैयायिक जयंत भट्ट या ठिकाणी व्यवहाराचे भान दाखवतो. ज्ञान खरे की खोटे हे कृतीनंतरच ठरत असेल तर कृती सुरू तरी कशी व्हावी, या आक्षेपावर तो असे म्हणतो की रोजच्या दृष्ट व्यवहारात माणूस संशय असतानाही कृतीला लागतो, कारण चुकले तर नुकसान थोडे असते. पण ज्यांचे फळ डोळ्यांना दिसत नाही आणि ज्यांना खर्च व श्रम फार लागतात अशा यज्ञादी कर्मांत निश्चय आधी लागतो. खेळाचा खोका उघडच पहिल्या वर्गात मोडतो. तो घेण्यासाठी सिद्ध ज्ञानाची गरज नाही, संभाव्यता पुरे. घेणारा चुकला तर थोडे पैसे आणि एक संध्याकाळ जाते, आणि चूक त्याच संध्याकाळी कळते.

जयंताच्या या नियमात एक बाजू न बोलता राहून जाते, आणि खोक्यावरून दिलेल्या निवाड्याचा खरा दोष त्या बाजूला आहे. प्रवृत्तिसामर्थ्याची कसोटी फक्त प्रवृत्तीला, म्हणजे स्वीकाराला, लागते; निवृत्तीला, म्हणजे नकाराला, ती लागतच नाही. खोका पाहून घेतलेला खेळ चांगला निघो की वाईट, खेळणे त्याचा निकाल लावते. खोका पाहून नाकारलेला खेळ वाईट असो की उत्कृष्ट, त्याचा निकाल कधीच लागत नाही, कारण नकारानेच परीक्षेचे दार बंद केलेले असते. परिणामी माणसाला आपल्या चुकांपैकी फक्त स्वीकाराच्या चुका दिसतात. फसवे खोके लक्षात राहतात, गमावलेले खेळ लक्षात राहण्याचे कारणच नसते, आणि प्रत्येक फसवणुकीबरोबर तो नकाराला अधिक उतावीळ होतो. ‘मला खोका पाहूनच कळते’ असे म्हणणाऱ्याचा आत्मविश्वास वर्षानुवर्षे वाढत जातो, कारण त्याला खोटे पाडू शकणारे पुरावे त्याच्या घरात कधी आलेलेच नसतात.

येथे मीमांसक असे म्हणू शकेल की बाधक ज्ञान झाले नाही तोवर नकारही स्वतः प्रमाणच आहे. पण मीमांसेच्याच दुसऱ्या सिद्धान्ताने हा बचाव ढासळतो. भाट्ट, म्हणजे कुमारिल भट्टाचे अनुयायी असलेले, मीमांसक ‘अनुपलब्धी’ला, म्हणजे न आढळण्याला, अभावाचे प्रमाण मानतात, परंतु त्यासाठी ती ‘योग्य’ असावी लागते: ती वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असताना ती दिसली नाही, तरच ती नाही असे म्हणता येते. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही तर ती तेथे नाही असे म्हणणे योग्य. अंधारात ती दिसली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. नाकारलेल्या खेळाविषयी बाधक अनुभव आला नाही हे खरे, पण तो येऊ शकेल अशी परिस्थितीच ठेवलेली नाही, म्हणून हे न आढळणे योग्य अनुपलब्धी नव्हे. दुसऱ्या कोणी तो खेळ खेळून सांगितले तर हा अंधार अंशतः दूर होतो, आणि खेळांच्या समीक्षकांचे महत्त्व येथेच आहे. परंतु सर्वांनीच त्याच चित्राकडे पाहून नकार दिला तर सांगणाराही उरत नाही, आणि मग सर्वांचा मिळून झालेला अंधार हा सर्वांचा अनुभव समजला जातो.

खेळाच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही, पण या तर्काची रचना खेळापुरती राहत नाही. चौदाव्या शतकातले चोखामेळा हे विठ्ठलाचे भक्त आणि अभंगकार होते, परंतु ज्या समाजाला अस्पृश्य ठरवले गेले होते त्यात जन्मल्यामुळे पंढरपूरच्या मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वाराच्या बाहेरच आहे. अस्पृश्यतेचा निवाडा जन्म या बाह्य खुणेवरून दिला जाई, आणि त्या निवाड्याचेच विधान असे होते की स्पर्श, सहवास, सहभोजन आणि सहपूजा होऊ नये, म्हणजे ज्या ज्या मार्गाने तो निवाडा खोटा ठरला असता ते सर्व मार्ग त्याने स्वतःच बंद केलेले होते. संतांच्या शब्दांतून त्याविरुद्धचे प्रमाण समोर आले होते, तरी शतकानुशतके तो टिकला यात या रचनेचा मोठा वाटा आहे. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरला प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर सर्वांना खुले झाले, तेव्हा न्यायाची गोष्ट तर झालीच, पण ज्ञानाच्या दृष्टीने पाहता जी परीक्षा पूर्वी होऊच दिली जात नव्हती तिला वाव मिळाला. खेळ आणि माणूस यांना एका पंक्तीत बसवण्याचा येथे हेतू नाही. जयंताचा नियम नकारालाही लावला तर काय निष्पन्न होते एवढेच येथे पाहायचे आहे: ज्या नकाराची किंमत थोडी, तो संशयावर देता येतो, ज्या नकाराची किंमत दुसऱ्या माणसाला आयुष्यभर मोजावी लागते, त्याला निश्चय लागतो, आणि बाह्य खूण असा निश्चय कधीच देऊ शकत नाही.

या सर्व विवेचनातून व्यवहारासाठी जे निघते ते फार कठोर नाही. कोणालाही सगळे खेळ खेळून पाहता येत नाहीत, म्हणून निवड करावीच लागते, आणि निवडीसाठी खोक्याकडे पाहणे, तो उलटून वाचणे, कर्त्याचे नाव शोधणे यांत अविचार नाही. स्वीकार हलक्या हाताने करावा, कारण त्याची चूक आपोआप उघडी पडते. नकारही करावा, पण त्याचे शब्द बदलावेत: ‘हा खेळ वाईट आहे’ या विधानाला खेळण्याचे प्रमाण लागते, आणि ते हाती नसेल तर ‘हा खेळ मी निवडला नाही’ एवढेच म्हणण्याचा अधिकार उरतो. पहिले विधान खेळाविषयी आहे आणि दुसरे निवडणाऱ्याविषयी. पहिले ऐकणाऱ्यालाही त्या खेळापासून दूर ठेवते, दुसरे त्याला मोकळे ठेवते. एवढा भेद पाळला तर नाकारलेली गोष्ट दुसऱ्या कोणीतरी तपासून पाहण्याची शक्यता शिल्लक राहते, आणि नकारातली चूक दुरुस्त होण्याचा तेवढाच एक मार्ग आहे.